सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह, मुंबई विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील सर्वांत जुनी इमारत. बोलण्यात तिला ‘कॉन्व्होकेशन हॉल’ म्हणतात. बांधकाम १८६९ ते १८७४ या काळात झाले. शेजारचा राजाबाई टॉवर उंच असल्याने आधी नजरेत भरतो आणि पुष्कळांना तोच जुना वाटतो. पण टॉवर आणि त्याखालचे ग्रंथालय १८७८ मध्ये पूर्ण झाले. नावावरून आणखी एक घोटाळा होतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासमोरचा कावसजी जहांगीर हॉल, म्हणजे आजचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, ही १९११ ची वेगळी वास्तू आहे.

विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले, म्हणजे पहिली इमारत उभी राहीपर्यंत सतरा वर्षे गेली. याचे कारण केवळ पैशांची चणचण नव्हते. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे हे विद्यापीठ शिकवत नसे. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. अशा संस्थेला वर्गखोल्या लागत नाहीत. लागते ते एक मोठे दालन आणि थोडी कचेरी. पहिली इमारत सभागृहच का झाली, याचे उत्तर यात आहे. तोवर पदवीदान टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, होत असे. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांना या सभागृहात पदवी मिळणे शक्यच नव्हते. भांडारकर पुढे १८९३ मध्ये कुलगुरू झाले, तेव्हा मात्र सभागृह उभे राहून जवळजवळ वीस वर्षे झाली होती. विद्यापीठाने स्वतः अध्यापन विभाग काढले ते विसाव्या शतकात.

जागा मिळाली ती गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात फोर्टचा तट पाडल्यामुळे. मोकळ्या झालेल्या मैदानाच्या कडेने, पश्चिमेकडे तोंड करून, सरकारी इमारतींची ओळ उभी राहिली : दक्षिणेकडून जुने सचिवालय, हे सभागृह, ग्रंथालय व टॉवर, मग उच्च न्यायालय. समोर आजचे ओव्हल मैदान. त्या काळी समुद्र बराच जवळ होता. भराव नंतर पडला. पावसाळी वारा थेट अंगावर घेणारी ही जागा आहे, आणि इमारतीच्या पुढच्या दुखण्यांचा बराचसा उगम याच गोष्टीत सापडतो.

पारशी व्यापारी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १८६३ मध्ये सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला तेजी होती, तेव्हाचा हा काळ. १८६५ मध्ये बाजार कोसळला, तरी देणगी आधीच हाती आलेली होती. कावसजींचा टॉमस वुलनर यांनी घडवलेला संगमरवरी बैठा पुतळा संकुलाच्या बागेत आहे. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते भारतात कधीच आले नाहीत. नकाशे तिकडून पाठवले आणि बांधकाम इथल्या अभियंत्यांनी व पाथरवटांनी केले.

सभागृहाची लांबी १०४ फूट (सुमारे ३१.७ मी.), रुंदी ४४ फूट (१३.४ मी.) आणि उंची ६३ फूट (१९.२ मी.) आहे. दक्षिण टोक अर्धवर्तुळाकार असून मोठ्या कमानीने मुख्य दालनापासून वेगळे केलेले आहे. चर्चमध्ये वेदीची जी जागा, तिथे इथे कुलपती आणि अधिकारी बसतात. तीन बाजूंनी आठ फूट रुंदीची गॅलरी फिरते; तिचा भार नक्षीदार लोखंडी ब्रॅकेटवर आहे. वर जायला बाहेरून उघडे चक्री जिने आहेत. वीस फूट व्यासाच्या चक्राकार खिडकीच्या कडेला रंगीत काचांत बारा राशी आहेत. शैली फ्रेंच गॉथिक, पंधराव्या शतकातली. रंगीत काच इथे फक्त शोभेची नाही. पश्चिमेच्या उन्हाची तिरीप तीच अडवते.

या परिसरातील इमारतींच्या भिंतींना पिवळसर कुर्ला दगड आणि कोरीवकामाला पोरबंदरचा चुनखडक वापरला जाई. पोरबंदर दगड मऊ, म्हणून नक्षी सुरेख उतरते. पण तो सच्छिद्रही आहे. गाड्यांच्या धुरातील गंधकाचे वायू ओलाव्याशी मिळून चुनखडकाचे जिप्समात रूपांतर करतात. जिथे पाऊस थेट पोहोचत नाही, त्या छज्जाखालच्या कोपऱ्यांत हे काळे कवच साठते आणि कालांतराने नक्षीची कड घेऊनच सुटते.

अशा दगडी इमारतीचे सर्वांत मोठे नुकसान मात्र बहुधा दुरुस्तीनेच होते. दर्जा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) सिमेंटने भरल्या की भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. तो दगडातून वाट काढतो, क्षार आत स्फटिक होतात, लोणा लागतो आणि दगडाचे पापुद्रे निघतात. म्हणून सिमेंट छिन्नीने, हाताने काढतात (ग्राइंडरने दगडाची कड खाल्ली जाते) आणि एक भाग चुना, तीन भाग वाळू या प्रमाणाच्या आसपास दर्जा भरतात. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊच हवा, म्हणजे झीज सांध्याची होईल; तो पुन्हा भरता येतो. सफाई कमी दाबाच्या पाण्याने किंवा लेपाने करतात. आम्ल आणि वाळूचा मारा वर्ज्य. दगडात बसवलेले लोखंड गंजले की फुगते आणि दगड फोडते, तेव्हा तडा बुजवण्याआधी आतला गंज शोधावा लागतो.

रंगीत काचांचे तंत्र वेगळे. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. उन्हाने आणि स्वतःच्या वजनाने शिसे हळूहळू वाकते, तावदान पोटासारखे फुगते, सांधे उकलतात. दुरुस्तीत आधी प्रत्येक तुकड्याला क्रमांक देऊन छायाचित्र आणि कागदावर ठसा घेतात. मग तावदान उतरवून सुटे करतात, तडकलेली काच रेझिनने जोडतात, नव्या शिशात बसवून सांध्यांना डाग देतात (झाळतात) आणि फटीत जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) भरतात. ठसा न घेता तावदान सुटे केले, तर ते परत चौकटीत नीट बसत नाही.

सभागृहाचे मोठे संवर्धन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाले आणि २००७ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. २०१८ पासून ही वास्तू ‘व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको’ या जागतिक वारसास्थळाचा भाग आहे. मुंबईच्या वारसा यादीत ती श्रेणी १ मध्ये येते, त्यामुळे आतबाहेर कुठलाही बदल करायचा तर वारसा समितीची संमती लागते. रोजच्या देखभालीत अग्रक्रम पन्हळींचा : मेअखेर त्या साफ झाल्या नाहीत, तर पाणी भिंतीत मुरते आणि सांध्यांत पिंपळ रुजतो. रोप वरून उपटल्यास मूळ आतच राहते व पुन्हा फुटते, म्हणून खोड कापून मुळापाशी औषध घालतात आणि मूळ मेल्यावरच सांधा बुजवतात.