सुव्यवस्था कोसळते तेव्हा: एका कथाबीजाची पार्श्वभूमी

कायदा, पहारा, वडीलधारी माणसं, सगळं एकाएकी नाहीसं झालं तर माणूस कसा वागेल? कादंबरीकारांना हा प्रश्न पुन्हा पुन्हा पडला आहे. पण त्याची उत्तरं त्यांनी जितकी माणसांकडे बघून दिली, तितकीच आधीच्या पुस्तकांशी वाद घालून दिली. तो वाद ठाऊक नसेल, तर एखाद्या लेखकाचं मत आपण मानवी स्वभावाचा दाखला म्हणून धरून चालतो.

प्रश्न अर्थातच कादंबरीपेक्षा जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की राजा नसेल तर पाण्यातल्या माशांप्रमाणे बलवान दुर्बलांना गिळतील. कौटिल्यही याच मात्स्यन्यायाचा दाखला देतो. दोघंही राजदंडाची बाजू मांडत आहेत, हे विसरू नये. त्याच महाभारतातलं मौसलपर्व मात्र निराळं आहे. तिथे राजा आहे, द्वारकेत मद्यबंदीची दवंडीही पिटून झाली आहे, आणि प्रभासक्षेत्री प्रत्यक्ष कृष्ण समोर उभा आहे. तरी मद्याच्या धुंदीत सात्यकी कृतवर्म्याला झोपलेल्या वीरांच्या हत्येवरून टोमणा मारतो आणि बघता बघता यादव एकमेकांचा संहार करतात. भारतीय युद्ध संपून छत्तीस वर्षं झालेली, पण जुनं वैर शिळं झालेलं नाही. मला हे चित्र माशांच्या दृष्टांतापेक्षा खूप खोल वाटतं.

ग्रीसमध्ये इतिहासकार थ्युसिडिडीसने इ.स.पू. 430 मधल्या अथेन्सच्या साथीचं वर्णन करताना लिहिलं की शिक्षा होईपर्यंत आपण जगू याची खात्री न उरल्याने लोकांना कायद्याचा धाक राहिला नाही. पुढे कोर्सिरा या ग्रीक बेटावरच्या यादवीबद्दल लिहिताना, मानवी स्वभाव असाच राहील तोवर हे पुन्हा पुन्हा घडेल, असं त्याने बजावलं. 1629 मध्ये त्याच्या या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालं. भाषांतरकार होता थॉमस हॉब्ज. पुढे इंग्लंडमध्येच यादवी पेटली आणि 1651 मध्ये हॉब्जने ‘लेव्हायथन’ लिहून सांगितलं की सत्ता नसेल तर जो तो एकमेकांचा वैरी होतो. उलट 1755 मध्ये तत्त्वज्ञ रूसोने असमतेवरच्या निबंधात म्हटलं की माणूस मुळात निरुपद्रवी असतो, त्याला बिघडवतो तो समाज. याच रूसोने ‘एमिल’ या शिक्षणावरच्या ग्रंथात मुलाच्या हाती द्यायचं पहिलं पुस्तक म्हणून 1719 च्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ची शिफारस केली. गंमत अशी की निर्जन बेटावरचा क्रूसो हिशेब ठेवतो, कुंपण घालतो, सोबतीला माणूस मिळताच त्याचा मालक होतो. म्हणजे समाज त्याने बरोबरच आणलेला असतो.

एकोणिसाव्या शतकात बेट मुलांच्या हाती गेलं. 1857 च्या ‘द कोरल आयलंड’मध्ये बॅलंटाइनने तीन इंग्रज मुलं प्रशांत महासागरात सोडली. ती शूर, सालस, एकजुटीची. क्रौर्य आहे, पण ते सगळं बाहेरचं: चाचे आणि नरभक्षक बेटवासी यांचं. बॅलंटाइनने तो भाग पाहिलेलाही नव्हता. त्याचा नारळसुद्धा झाडावर सोललेलाच लागतो, कारण त्याने तो ब्रिटनच्या बाजारात तसाच पाहिला होता. साम्राज्याला असल्या गोष्टी सोयीच्या होत्या.

विल्यम गोल्डिंग ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीत भांडला तो याच पुस्तकाशी. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलात होता, नॉर्मंडीच्या मोहिमेतही होता. नंतर सॉल्सबरीच्या शाळेत मुलांना शिकवत होता. त्याने राल्फ आणि जॅक ही बॅलंटाइनच्या नायकांचीच नावं उचलली, आपल्याही मुलांना निर्जन बेटावर अडकवलं आणि क्रौर्य बाहेरून आणण्याऐवजी त्यांच्यातच दाखवलं. अनेक प्रकाशकांनी नाकारलेलं हे हस्तलिखित फेबर या प्रकाशनसंस्थेच्या चार्ल्स माँटीथने उचलून धरलं. सुरुवातीला अणुयुद्धाचा मोठा भाग होता, तो काढून टाकायला लावला आणि 1954 मध्ये पुस्तक छापून आलं.

माझ्या मते या काटछाटीचा परिणाम पुस्तकाच्या वाचनावर आजवर होत आला आहे. युद्ध मागे पडलं, मुलांची हिंसा पुढे आली, आणि ‘मूळ स्वभाव उघडा पडला’ असा निष्कर्ष सोपा झाला. वास्तविक जॅकच्या हाताखालची मुलं गायनवृंदातून रांगेत, गणवेशात चालत येतात. हुकूम देणं नि पाळणं ती शाळेतूनच शिकून आलेली आहेत. शेवटी त्यांना सोडवायला येणारा अधिकारीही युद्धनौकेवरचाच असतो. गोल्डिंगला स्वतःला मात्र दोष माणसातच दिसत होता, हे त्याने लपवलं नाही.

1965 मध्ये प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरचे सहा शाळकरी मुलगे होडी घेऊन पळाले आणि वादळामुळे आटा नावाच्या निर्जन बेटाला लागले. सव्वा वर्षाने एका ऑस्ट्रेलियन बोटीने त्यांना शोधलं तेव्हा सगळे धडधाकट होते. त्यांनी कामं वाटून घेतली होती, आग विझू दिली नव्हती. भांडण झालं की दोघांनी दोन बाजूंना जाऊन शांत व्हायचं असा नियम केला होता. ही हकिगत गोल्डिंगला खोटं ठरवायला हल्ली फार वापरतात. ते मला पटत नाही. ते सहा जण आपल्या मर्जीने एकत्र निघालेले मित्र होते, गोल्डिंगच्या मुलांसारख्या दोन टोळ्या नव्हत्या. मात्र मदतनीस वृत्तीबद्दल ते अपवाद नव्हते. भूकंप-पुरांचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना, विशेषतः 1963 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत सुरू झालेल्या आपत्ती संशोधन केंद्रातल्या क्वारँटेली आणि सहकाऱ्यांना, सैरभैर, लुटारू गर्दी विरळाच आढळली. बहुतेक ठिकाणी शेजारीच शेजाऱ्याला बाहेर काढत होते.

नंतरच्या कादंबऱ्यांनी बेट सोडून दिलं. 1975 मध्ये बॅलार्डने ‘हाय-राइज’मध्ये सगळ्या सोयी असलेल्या एका उंच इमारतीत मजल्यामजल्यांमध्ये वैर पेटवलं, तिथे बाहेरचं शहर नेहमीसारखं चालू असतं. 1995 मध्ये पोर्तुगीज कादंबरीकार सारामागोने ‘ब्लाइंडनेस’मध्ये अख्खं शहर आंधळं केलं. त्यात पहिल्या रुग्णांना सरकार बंद पडलेल्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडतं आणि फाटकावर सैनिक ठेवतं. अन्नासाठीची टोळीशाही त्या कोंडवाड्यात उभी राहते, बाहेर सैनिकांच्या बंदुका त्यांच्यावर रोखलेल्या असतानाच.