नवं इंजिन: पहिले १००० किलोमीटर

शोरूममधून निघालेली गाडी आपल्या इंदूरात आधी खजराण्याच्या गणपतीला जाते. तिथून पुढे ती कशी चालवायची, हे विचारायला बरेच ग्राहक आमच्या गॅरेजमध्ये येतात. "हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही," असं बहुतेकांना घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं असतं. सुरुवातीला गाडी पळवायची नाही, हे खरंच. पण फार जपल्यानेही इंजिन बिघडतं.

सिलिंडरची, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो तिची, आतली भिंत पूर्ण गुळगुळीत नसते. होनिंग करताना, म्हणजे दगडाने घासून शेवटचा हात देताना, तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडतात. आमच्याकडे बोअर केलेला (सिलिंडर आतून कातून मोठे केलेला) इंजिनाचा ब्लॉक असेल तेव्हा या, टॉर्च धरून दाखवू. त्या रेघांत ऑइल टिकतं आणि त्यांच्या कडांवर पिस्टनच्या रिंगा घासून बसतात. रिंग भिंतीला घट्ट टेकते ती मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबाने. गाडी नुसती रांगवली तर हा दाब कमी पडतो. रिंगा बसायच्या आधीच भिंतीवर चकाकी चढते आणि इंजिन ऑइल खायला लागतं. उलट पहिल्याच दिवशी फुल ऍक्सिलरेटर दिला, तर उष्णता वाढून भिंतीवर ओरखडे येऊ शकतात.

म्हणून जोर द्या आणि सोडा. बायपासवर रस्ता मोकळा असेल तेव्हा अर्ध्या ऍक्सिलरेटरवर ४० वरून ७० पर्यंत न्या, मग पाय काढून गिअरमध्येच वेग उतरू द्या. असं अधूनमधून करत राहा. उज्जैनपर्यंत एकाच वेगाने जाऊ नका, क्रूझ कंट्रोल लावू नका. आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची) मर्यादा मॅन्युअलमध्ये दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर पेट्रोलला ३५०० आणि डिझेलला २५०० च्या आत ठेवा, असं आम्ही सांगतो.

राजवाड्याच्या गर्दीत चौथ्या गिअरमध्ये गाडी रडवू नका, वेळेवर गिअर खाली घ्या. सकाळी उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन तापवायची गरज नाही. अर्धा मिनिट पुरे. मग पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश. पाच माणसं, डिकी भरून सामान आणि ओंकारेश्वरच्या वाटेवरचा भेरूघाट, हा बेत हजारनंतर ठेवा. ब्रेक आणि टायरही नवे असतात, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर राखा.

ऑइलकडे मात्र बारीक लक्ष हवं. दर ५०० किलोमीटरला गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग वाचा. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. सुरुवातीला ती थोडी उतरते. खालच्या खुणेला टेकली तर लगेच सांगा. नव्या गाडीचं ऑइल कुणाच्या सांगण्यावरून लवकर बदलू नका, कंपनीचं वेळापत्रक पाळा. आमच्याकडे बोअर करून नवे पिस्टन घातलेल्या इंजिनाचं ऑइल आणि फिल्टर मात्र ५०० किलोमीटरला बदलायचं असतं. त्या जुन्या ऑइलात बारीक चमक दिसली तर घाबरू नका. बोटांना कण लागले, तर गाडी आम्ही ठेवून घेऊ.