फिनलंडचा ‘छोटा जम्बो’ : आपल्या प्रतिकृतीमागील मूळ इंजिनाची माहिती

आपण घेतलेल्या पेटीत 1:87 या प्रमाणातील जी प्रतिकृती आहे, ती फिनलंडच्या सरकारी रेल्वेच्या टीके-3 या वर्गातील वाफेच्या इंजिनाची आहे. हे इंजिन दिसायला साधे आणि ताशी 60 किलोमीटरच्या आतबाहेर धावणारे. तरीही त्या देशात दुसऱ्या कोणत्याही वर्गाची वाफेची इंजिने इतक्या संख्येने बांधली गेली नाहीत. 1927 ते 1953 या काळात एकूण 161 इंजिने तयार झाली. त्यांतील बहुतेक टाम्पेरे शहरातील टाम्पेला आणि लोकोमो या कारखान्यांत घडली, तर काही डेन्मार्कमधील फ्रिक्स कारखान्यातून आली.

फिनिश भाषेत मालाला ‘तावारा’ आणि हलक्याला ‘केव्यूत’ म्हणतात, त्यांची आद्याक्षरे मिळून ‘टीके’ झाले. हे नाव 1942 पासूनचे. त्याआधी हाच वर्ग के-5 म्हणून ओळखला जाई. याहून थोराड अशा टीव्ही-1 वर्गाला ‘युम्बो’, म्हणजे जम्बो, हे टोपणनाव आधीच पडलेले असल्याने हा धाकटा आपसूकच ‘पिक्कू-युम्बो’, म्हणजे छोटा जम्बो, ठरला.

या इंजिनाची सारी घडण एका अडचणीतून आली आहे. फिनलंडच्या आडमार्गांवरचे रूळ वजनाने हलके होते, आणि अवजड इंजिन त्यांवर घालणे धोक्याचे होते. म्हणून सुमारे 52 टनांचे हे वजन पुढच्या एका आसावर आणि ओढणाऱ्या चार आसांवर असे वाटले गेले, की कोणत्याही आसावर 10.7 टनांहून अधिक भार येऊ नये. ओढणारी चाके अवघी 1270 मिलिमीटर व्यासाची ठेवल्यामुळे वेग गेला, पण जोर मिळाला. मालगाड्यांबरोबरच लहान मार्गांवरील प्रवासी डबेही याच इंजिनांनी ओढले.

देशात दगडी कोळसा नाही, जंगल मात्र अफाट. त्यामुळे या इंजिनांत बर्च झाडाचे ओंडके जाळले जात. लाकूड कोळशापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते, म्हणून टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या इंधन-पाण्याच्या डब्याच्या, कडा उंच कठडे लावून वाढवलेल्या असत. प्रतिकृतीतील हे कठडे शोभेसाठी आहेत असे काही ग्राहकांना वाटते, तसे नाही.

1970 च्या दशकाच्या मध्यास वाफेची नियमित वाहतूक संपली, तरी सगळी इंजिने लगेच भंगारात गेली नाहीत. युद्धाचा किंवा इंधनटंचाईचा प्रसंग ओढवला तर उपयोगी पडावीत म्हणून शीतयुद्धाच्या काळात फिनलंडने वाफेच्या इंजिनांचा मोठा राखीव साठा रांगा लावून ठेवला होता. घरच्या लाकडावर चालणारे इंजिन अशा वेळी किती मोलाचे, हे सांगायला नको. 1990 च्या दशकात हा साठा मोडीत निघाला तेव्हा खासगी संग्राहकांनी आणि हौशी मंडळांनी त्यातील इंजिने विकत घेतली. काही ब्रिटनलाही गेली. पण फिनलंडच्या रुळांमधील अंतर 1524 मिलिमीटर आणि ब्रिटनमधील 1435, त्यामुळे तेथील मुख्य रुळांवर ती धावूच शकत नाहीत.

फिनलंडमध्ये अनेक गावांत हे इंजिन चौथऱ्यावर उभे दिसते. आपल्याकडेही रेल्वे कार्यालयांपुढे जुनी इंजिने अशीच मांडलेली असतात, आणि दोन्हीकडचा शत्रू एकच, तो म्हणजे पाणी. बॉयलरवरच्या पत्र्याखाली ओल साचली की गंज आतून पोखरत जातो, आणि बाहेरून काळा रंग चकचकीत असल्याने तो उशिरा कळतो. इंजिन पुन्हा चालवायचे तर बॉयलरच्या नळ्या काढून तपासणे आणि पाण्याच्या दाबाची चाचणी घेणे हा सर्वांत खर्चिक भाग असतो. फिनलंडच्या रेल्वेचा इतिहास एकत्र पाहायचा असल्यास ह्यूविंका येथील रेल्वे संग्रहालय गाठावे. ते हांको-ह्यूविंका मार्गाच्या जुन्या स्थानकाच्या आवारातच आहे.

एक खुलासा : मूळ अंतर 87 ने भागल्यास रुळांमध्ये साडेसतरा मिलिमीटर यायला हवेत, पण बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असल्याने आम्ही चाकांतील अंतर तेवढेच ठेवले आहे. लाकडाच्या बारीक काड्यांची पुडी टेंडर भरण्यासाठी दिली आहे. काड्या आडव्या रचाव्यात आणि डिंक जपून लावावा.