टाइमलाइनवर एचडी का अडखळतं: २५ मेगाबिटची पूर्वपीठिका

घरच्या कम्प्युटरवर एचडी फुटेज कापायला बसलेल्या बहुतेकांना हा अनुभव आलेला असतो. क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर, ठेवली, स्पेसबार दाबला, आवाज व्यवस्थित सुरू झाला आणि चित्र मात्र अडखळत, उड्या मारत पुढे गेलं. तीच फाइल साध्या प्लेअरमध्ये नितळ चालते, एक्सपोर्ट केलेला व्हिडिओही ठीक निघतो. मग दोष कम्प्युटरवर येतो आणि पहिला सल्ला मिळतो रॅम वाढवण्याचा. मला हा सल्ला नेहमी खटकतो, कारण या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा रॅममध्ये नसतं. ते कॅमेऱ्याने चित्र कसं साठवलं यात असतं, आणि ती पद्धत ठरली तेव्हा डोळ्यांसमोर रेकॉर्डिंग होतं, कापाकापी नव्हती.

आधी हा त्रास इतका नव्हता. १९९५ साली आलेल्या डीव्ही फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबून साठवलेली असे. एखादी फ्रेम उघडायला शेजारच्या फ्रेमची गरज नाही, त्यामुळे कात्री कुठेही चालवा. चित्राच्या डेटाचा वेग सेकंदाला २५ मेगाबिट, आवाज आणि इतर माहिती धरून तासाला साधारण १३ जीबी. फायरवायरच्या केबलने कॅसेट कम्प्युटरवर उतरवायची आणि कामाला लागायचं. २००० सालच्या आसपासचे घरगुती कम्प्युटर हे ओझं सहज पेलत. घरी बसून एडिटिंग करणारी पहिली मोठी पिढी डीव्हीवर शिकली, आणि क्लिप टाकली की ती चालणारच हे तिने गृहीत धरलं.

२००३ मध्ये कॅनन, शार्प, सोनी आणि जेव्हीसी या चार कंपन्यांनी एचडीव्ही हा फॉरमॅट ठरवला. कॅसेट तीच, मिनीडीव्ही. १०८० ओळींच्या चित्रासाठी डेटाचा वेगही तोच ठेवला, २५ मेगाबिट. चित्र मात्र ७२० बाय ५७६ वरून १४४० बाय १०८० वर गेलं, म्हणजे पिक्सेल बरोबर पावणेचारपट झाले. तेवढ्याच जागेत हे बसवायला एमपेग-२ ची लाँग जीओपी (फ्रेमचे लांब गट करण्याची) पद्धत घेतली. तिच्यात बारा-पंधरा फ्रेमच्या गटात एकच फ्रेम पूर्ण साठवतात आणि बाकीच्यांत फक्त फरक नोंदवतात: मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, किंवा मागच्या आणि पुढच्या फ्रेमच्या मधे काय आहे.

बारा फ्रेमचा एक गट घेऊ. पहिली फ्रेम पूर्ण आहे. चौथी, सातवी आणि दहावी मागच्यांवर अवलंबून, आणि उरलेल्या सगळ्या दोन्ही बाजूंवर अवलंबून. आता प्लेहेड (कुठली फ्रेम दिसते आहे ते दाखवणारी टाइमलाइनवरची रेघ) नेमका बाराव्या फ्रेमवर नेऊन थांबवा. ती दाखवायला दहावी हवी आणि पुढच्या गटाची पूर्ण फ्रेमही हवी. दहावीसाठी सातवी, सातवीसाठी चौथी, चौथीसाठी पहिली. म्हणजे डोळ्यांना एक फ्रेम दिसावी म्हणून सहा फ्रेम उलगडाव्या लागल्या. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमच्या वाट्याला ४० मिलिसेकंद येतात. सरळ पुढे चालवताना ओझं वाटलं जातं, म्हणून प्लेअरला फारसं जड जात नाही. एडिटर मात्र मागे जातो, उडी मारतो, दोन क्लिप एकमेकांवर ठेवतो, आणि दर कटला सॉफ्टवेअरला नव्या गटात मधूनच शिरावं लागतं. ४० मिलिसेकंदांत काम उरकलं नाही तर ते फ्रेम गाळतं. आवाज गाळत नाही, कारण आवाजातली बारीकशी तूट कानाला लगेच कळते. आवाज नीट आणि चित्र तुटक असं दिसतं ते यामुळे.

मग २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी आणलं. कॅसेट गेली, मेमरी कार्ड आलं, आणि आत एच.२६४ हा कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत. फाइल आणखी लहान झाली, पण उलगडायला कितीतरी जड. एच.२६४ मधली एक फ्रेम अनेक फ्रेमचा आधार घेऊ शकते. शिवाय त्यात बहुधा वापरली जाणारी सीएबॅक ही पद्धत आकडे एकामागून एकच सोडवते, त्यामुळे ते काम प्रोसेसरच्या अनेक कोअरना वाटून देणं अवघड. फाइल लहान म्हणून ती चालायला हलकी, हा समज इथे पुरता उलटा पडला. २००८ मध्ये कॅननच्या ५डी मार्क २ ने फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी आणलं, तेही एच.२६४ मध्येच, आणि पूर्वी व्हिडिओशी संबंध नसलेली माणसंही या अडचणीत सापडली.

उपाय मात्र जुनाच होता. चित्रपटाचे संपादक मूळ निगेटिव्हला हात न लावता वर्कप्रिंट, म्हणजे तिची कामापुरती काढलेली प्रत, कापत. १९८९ मध्ये एडिटिंगची साधनं बनवणाऱ्या अ‍ॅविडने तेच कम्प्युटरवर आणलं: कमी दर्जाच्या प्रतीवर निर्णय घ्यायचे आणि शेवटी मूळ फुटेज जोडायचं. आजची प्रॉक्सी तीच. दुसरी वाट म्हणजे फुटेज कापायला सोप्या कोडेकमध्ये बदलून घ्यायचं. २००४ मध्ये अ‍ॅविडचा डीएनएक्सएचडी आला, २००७ मध्ये अ‍ॅपलचा प्रोरेझ. दोन्हींत पुन्हा प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, डीव्हीसारखी. किंमत डिस्कवर मोजायची: सेकंदाला २५ फ्रेमचं फुल एचडी प्रोरेझ ४२२ मध्ये तासाला सुमारे ५५ जीबी घेतं. अनेकांना फाइल उगाच फुगल्यासारखी वाटते आणि ते ही पायरी टाळतात. माझ्या मते जुन्या मशीनवर यापेक्षा चांगला उपाय नाही. डिस्क स्वस्त होत गेली आहे आणि अडखळत्या चित्रावर कट नेमका बसत नाही.

यंत्रांच्या बाजूने मोठा बदल २०१० आणि २०११ मध्ये झाला. प्रीमियर प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर सीएस५ आवृत्तीत पूर्णपणे ६४ बिटवर गेलं, म्हणजे ३२ बिटची ४ जीबी मेमरीची मर्यादा उठली, आणि इफेक्टचं काम ग्राफिक्स कार्ड उचलू लागलं. एच.२६४ उलगडण्याचं काम मात्र तेव्हाही मुख्य प्रोसेसरकडेच राहिलं, म्हणून महागडं कार्ड घेऊनही कित्येकांची टाइमलाइन अडखळतच होती. पुढच्या वर्षी इंटेलच्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक आलं, त्याच कामासाठी राखून ठेवलेला वेगळा भाग. सगळी एडिटिंग सॉफ्टवेअर एकदम तिकडे वळली नाहीत.

अशा राखीव भागाला एक मर्यादा आहे. ज्या प्रकारच्या फाइलसाठी तो घडवला, तेवढ्याच तो उलगडतो. रंगाची जास्त माहिती ठेवणारं १०-बिट ४:२:२ चित्रण आता बऱ्याच कॅमेऱ्यांत मिळतं, पण अनेक वर्षं बहुतेक ग्राफिक्स कार्डांना ते हार्डवेअरवर उलगडता येत नव्हतं. त्यामुळे एकाच कम्प्युटरवर मोबाइलचं साधं ८-बिट फुटेज सुरळीत चालतं आणि चांगल्या कॅमेऱ्याचं अडखळतं. अशा वेळी आधी क्लिपची माहिती उघडून कोडेक, बिट आणि ४:२:० (रंगाची कमी माहिती ठेवणारं) की ४:२:२ हे पाहावं. ४:२:२ दिसलं आणि आपलं कार्ड ते घेत नसेल, तर फुटेज कम्प्युटरवर उतरवतानाच प्रॉक्सी बनवायला लावावी.