मेलवरच्या चर्चेचे शिष्टाचार आले कुठून?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुप मेलवर लिफ्ट दुरुस्तीची चर्चा चालू होती आणि त्या सगळ्या मेलांचा विषय होता «दिवाळी फराळ वर्गणी». झालं असं की कुणीतरी दिवाळीतला जुना मेल उघडला, रिप्लाय ऑल दाबलं आणि त्यातच लिफ्टचं लिहून टाकलं, मग बाकीचे त्याच्यावर त्याच्यावर उत्तरं देत गेले. प्रत्येक मेलखाली आधीच्या सगळ्या मेलांची शेपूट, आणि मला हवा असलेला कोटेशनचा आकडा मधेच कुठेतरी अडकलेला. वरच्या मजल्यावरच्या एका कॉलेजच्या मुलाने मला विचारलं, काका, विषय बदला, खालचं कापा, सगळ्यांना पाठवू नका हे नियम नेमके ठरवले कुणी? प्रश्न मला फार आवडला, कारण यातला एकेक नियम कुठल्या ना कुठल्या खऱ्या अडचणीतून आलाय आणि ती अडचण कळली की नियम पाठ करावा लागत नाही.

सुरुवात 1971 ची. अमेरिकेत केंब्रिजला बीबीएन कंपनीत रे टॉमलिनसन यांनी शेजारी शेजारी असलेल्या दोन मशीनमध्ये पहिला नेटवर्क मेल पाठवला आणि माणसाचं नाव आणि मशीनचं नाव यांच्या मधे @ हे चिन्ह ठेवलं. तेव्हा मेलचा ठरलेला साचा नव्हता, प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या पद्धतीने वरच्या ओळी लिहायचा. सप्टेंबर 1973 मध्ये आरएफसी 561 आलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्या कागदांवर ठरतात ते) आणि त्यात पाठवणारा, तारीख आणि विषय या ओळी नीट मांडल्या गेल्या. ते लिहिणाऱ्या चौघांपैकी एक अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे. म्हणजे मेलवरची विषयाची ओळ घडवण्यात आपल्याकडच्या माणसाचाही हात आहे, हे मला कळलं तेव्हा खूप बरं वाटलं होतं.

पण तोवर उत्तर द्यायचं म्हणजे नवा मेल उघडा, पत्ता हाताने टाईप करा, विषय परत लिहा. 1975 च्या सुमाराला जॉन व्हिटल यांनी एमएसजी नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात उत्तर द्यायची कमांड दिली, पत्ता आणि विषय आपोआप भरला जायचा. मेलवर गप्पा खऱ्या सुरू झाल्या त्या इथून असं मी म्हणेन. आणि आमच्या फराळाच्या लिफ्टचं मूळही इथेच आहे, कारण रिप्लाय दाबलं की जुना विषय फुकट मिळतो, आणि फुकट मिळालेली गोष्ट माणूस बदलत नाही.

त्याच वर्षी, जून 1975 मध्ये, अमेरिकन संरक्षण खात्याच्या आर्पा संस्थेत एमएसजीग्रुप नावाची चर्चा सुरू झाली, आणि विषय काय तर मेल कसा असावा! मेलवरच मेलबद्दल बोलायचं. तिथे शिष्टाचाराचे वादही झाले आणि नुसती भांडणंही. एप्रिल 1979 मध्ये तिथेच एकाने सुचवलं की कोरड्या अक्षरांतून सूर कळत नाही तर गमतीने लिहिलं असेल तिथे एखादं चिन्ह टाकावं. पुढे 19 सप्टेंबर 1982 ला कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी :-) सुचवलं आणि ते टिकलं. समोर चेहरा नसला की साधं वाक्यही टोचतं ही तक्रार इतकी जुनी आहे.

आता जरा आतली गोष्ट, कारण इथे बहुतेकांची चूक होते. 1977 चं आरएफसी 733 आणि 1982 चं आरएफसी 822, या दोन्हींत अशी सोय आहे की प्रत्येक मेलला स्वतःचा एक नंबर असतो आणि उत्तर देताना तुमचा मेल मूळ मेलचा नंबर बरोबर घेऊन जातो, तो तुम्हाला दिसत नाही इतकंच. आपल्याकडच्या सरकारी पत्रावर विषय :- आणि त्याखाली संदर्भ :- आपले पत्र क्रमांक अमुक दिनांक तमुक असतं ना, अगदी तेच. म्हणून जुन्या मेलला रिप्लाय करून नुसता विषय बदलला तर जीमेल नवीन चर्चा दाखवतं खरं, पण थंडरबर्डसारखे प्रोग्रॅम संदर्भाचा नंबर बघतात आणि तुमचा नवा मुद्दा जुन्याच फांदीला लटकवून ठेवतात, ती चर्चा ज्याने वाचायची सोडली त्याला तुमचा मेल दिसणारही नाही. नवा मुद्दा असेल तर नवा मेल उघडा हा आग्रह तिथून आलाय.

उत्तर मुद्द्याखाली लिहायची रीत पक्की झाली यूजनेटवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सार्वजनिक चर्चांच्या जाळ्यावर. हे 1979-80 च्या सुमाराला ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलं, एक कॉम्प्युटर दुसऱ्याला रात्री फोन लावून निरोप द्यायचा, तो तिसऱ्याला. त्यामुळे एखाद्या गावी उत्तर आधी पोचायचं आणि प्रश्न नंतर, कधी कधी प्रश्न यायचाच नाही. मग करायचं काय, तर मूळ मजकुरातल्या लागतील तेवढ्याच ओळी > हे चिन्ह लावून घ्यायच्या आणि त्याखाली आपलं म्हणणं, की वाचणाऱ्याला कशाबद्दल चाललंय ते कळेल. आणि फोनचं बिल कुणीतरी भरतंय म्हणून बाकीचं कापायचं. यूजनेटवरचे काही प्रोग्रॅम तर स्वतःच्या ओळींपेक्षा उचललेल्या ओळी जास्त असतील तर पोस्ट घ्यायलाच नकार द्यायचे.

हे वाचताना मला कायम पेशवाईतली पत्रं आठवतात. तुम्ही पत्र पाठविलें तें पावलें, मग समोरच्याचा मजकूर थोडक्यात, मग म्हणोन लिहिलें, आणि लगेच त्यास म्हणून आपलं उत्तर, मग पुढचा मुद्दा, परत म्हणोन लिहिलें, परत त्यास. जासूद (पत्र नेणारा माणूस) कधी पोचेल याचा भरवसा नाही, आधीचं पत्र समोरच्याच्या हाताशी असेलच असं नाही, म्हणून मुद्दा सांगून त्याखाली उत्तर. अडचण तीच होती म्हणून रीतही तीच निघाली, दोघांनी एकमेकांचं काहीही वाचलेलं नसताना.

मग वर उत्तर लिहायची सवय कुठून आली? ऑफिसातून. नव्वदच्या दशकात मेल कंपन्यांमध्ये घुसला आणि आउटलुकमध्ये रिप्लाय दाबलं की कर्सर सगळ्यात वर, खाली अख्खा जुना मेल. दोघांचंच बोलणं असेल, साहेबांना फक्त हो की नाही कळवायचं असेल तर हे सोयीचंच आहे, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण तीस माणसं पाच मुद्द्यांवर बोलत असतील आणि वर नुसतं «मला मान्य आहे» असेल तर काय मान्य आहे, लिफ्ट की वर्गणी?

आपल्याकडे हे सगळं एकदमच आलं. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर 1995 मध्ये, इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेलं आरएफसी 1855 आलं, मेलच्या शिष्टाचाराचं. आधी महिना-दोन महिने नुसतं वाचा मग लिहा, रागाचं उत्तर रात्रभर थांबून पाठवा, सही चार ओळींच्या आत, 50 किलोबाइटपेक्षा मोठी फाइल पाठवू नका. शेवटचं आज विचित्र वाटेल पण फोनच्या तारेवरून सेकंदाला 9600 बिट आणणाऱ्या मोडेमवर 1 एमबीची फाइल उतरायला जवळजवळ पाव तास लागायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. हा नियम आता गेला, जाऊ दे. रात्रभर थांबायचा मात्र मी आजही पाळतो आणि सगळ्यांना सांगतो.

त्यातला एक नियम मराठीत बसलाच नाही. मोठी कॅपिटल अक्षरं म्हणजे ओरडणं असं तिथे लिहिलंय, आणि आपली मंडळी तर तेव्हा रोमन लिपीत मराठी लिहायची, अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्सच्या पद्धतीने, त्यात कॅपिटल एन म्हणजे ण, कॅपिटल एल म्हणजे ळ, कॅपिटल टी म्हणजे ट. म्हणजे कुणी शांतपणे बाळ, पाणी, वाट लिहिलं तरी मधेच मोठी अक्षरं उगवायची. ते ओरडणं नव्हतं, ळ लिहायची ती पद्धतच होती! युनिकोड (म्हणजे थेट देवनागरीत लिहायची सोय) हाताशी आलं तेव्हा कुठे ही ओढाताण संपली.

रिप्लाय ऑलचा इतिहास जास्त महागात पडलेला आहे. ऑक्टोबर 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये बेडलॅम डीएल3 नावाच्या मेलच्या एका यादीवर हजारो कर्मचारी होते, एकाने मला यातून काढा असं सगळ्यांना लिहिलं, मग मलाही, मलाही, आणि सर्व्हर आडवे झाले. नोव्हेंबर 2016 मध्ये ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत एक टेस्ट मेल चुकून 8 लाख 40 हजार लोकांना गेला आणि तिथेही लोक सगळ्यांनाच उत्तर देत बसले, ते थांबवा म्हणणारेसुद्धा सगळ्यांनाच सांगत होते. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने शेवटी सोय केली, 5000 च्या वर लोक असतील आणि तासाभरात 10 वेळा रिप्लाय ऑल झालं तर ती साखळी चार तास बंद.

आमच्याकडे माणसं इतकी नाहीत, पण त्या मुलाशी बोलून झाल्यावर मी त्याच रात्री कोरा मेल उघडला. विषय लिहिला «लिफ्ट दुरुस्ती: तीन कोटेशन, रविवारपर्यंत मत कळवा», आत तीन मुद्दे, प्रत्येकाखाली जागा सोडली. पहिलं उत्तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं आलं, त्यांनी खालचं सगळं कापून दुसरा मुद्दा तेवढा ठेवला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, हे कोटेशन जीएसटी धरून आहे का ते आधी विचारा.