एमएमएसाठी तुमच्या नावाचे कपडे: ऑर्डर देण्यापूर्वी वाचा

हे पत्रक एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) अकादमी चालवणाऱ्यांसाठी आणि नवा ब्रँड काढणाऱ्यांसाठी आहे. शिलाई आमची, लेबल तुमचं. बरेचजण पहिल्याच बोलण्यात लोगोची फाइल पुढे करतात. ती जरा बाजूला ठेवूया. मॅटवर उसवतं ते शॉर्ट्सचं आसन आणि रॅशगार्डची (अंगाला घट्ट बसणाऱ्या ताणत्या टी-शर्टची) काख, त्यामुळे कापड आणि टीप आधी ठरते, छपाई नंतर.

दोनच कपड्यांपासून सुरुवात

एक रॅशगार्ड आणि एक फाइट शॉर्ट्स, एवढं पहिल्या खेपेला पुरे. टी-शर्ट आणि हुडी तयार मालावर छापून मिळतात, त्यांच्यासाठी वेगळा पॅटर्न काढण्यात पैसे घालू नका. व्यावसायिक एमएमए लढतीत पुरुष उघड्या अंगाने उतरतात. म्हणजे पुरुषांचा रॅशगार्ड खपतो तो सरावासाठी आणि नो-गी ग्रॅपलिंगसाठी (जुजुत्सूचा जाड झगा, म्हणजे ‘गी’, न घालता होणाऱ्या पकडीच्या कुस्तीसाठी). स्पर्धेसाठी विकणार असाल तर नियम आधी पाहा. आयबीजेजेएफच्या (ब्राझिलियन जुजुत्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नो-गी नियमांनुसार रॅशगार्ड काळा, पांढरा किंवा काळा-पांढरा आणि त्यावर खेळाडूच्या बेल्टचा रंग किमान १० टक्के असा लागतो, किंवा मग पूर्ण बेल्टच्याच रंगाचा. शॉर्ट्स किमान अर्धी मांडी झाकणारी पण गुडघ्याच्या खाली न जाणारी हवी. झिप, बटण, उघडा खिसा, बाहेर लोंबणारी नाडी चालत नाही. सुंदर डिझाइन या एका कारणाने बाद होतं.

रॅशगार्ड

कापड ८० ते ८५ टक्के पॉलिएस्टर, बाकी स्पॅन्डेक्स (ताणणारा धागा). वजन २२० ते २६० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). यापेक्षा बरंच हलकं घेतलं तर ताणल्यावर अंग दिसतं, फार जड घेतलं तर घामाने लगदा होतो आणि वाळत नाही. रॅशगार्ड अंगापेक्षा लहान शिवतात: १०० सेंमी छातीला कपडा साधारण ९० सेंमीचा. टी-शर्टच्या मापांचा तक्ता इथे उपयोगाचा नाही.

बाही रॅगलन (मानेपासून तिरकी जोडलेली) घ्या, म्हणजे खांद्याच्या माथ्यावर टीप येत नाही. जोड फ्लॅटलॉकचा (सपाट बसणारा), चार सुया आणि सहा दोऱ्यांचा. ओव्हरलॉकने काम स्वस्त होतं, पण आत उभी राहणारी कड पाठीवर लोळताना कातडी सोलते. लूपरला (मशीनच्या खालच्या दोऱ्याला) टेक्स्चर्ड, म्हणजे फुगीर आणि ताणणारा, पॉलिएस्टर दोरा हवा. साधा दोरा कापडाइतका ताणत नाही. सॅम्पल हातात आला की काखेतला जोड दोन्ही मुठींत धरून जोरात ताणा. कापडाचा ताण संपण्याआधी ‘तट्’ असा आवाज आला तर तो सॅम्पल परत पाठवा.

सुईचा दोष मात्र असा लगेच कळत नाही. टोकदार सुई स्पॅन्डेक्सचा धागा कापते, नवा कपडा छान दिसतो आणि काही धुण्यांनंतर टिपेच्या कडेने बारीक भोकांची रांग उमटते. म्हणून गोल टोकाची, ७० किंवा ७५ नंबरची सुई वापरायची.

सब्लिमेशन छपाई

कागदावरची शाई साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअसला ४५ ते ६० सेकंद दाबली की वायू होऊन पॉलिएस्टरमध्ये शिरते. कापडावर थर बसत नाही, त्यामुळे सोलणं किंवा तडकणं नाही. मात्र ती पॉलिएस्टरवरच धरते. कॉटनवर धरत नाही, नायलॉनचा स्पर्श मऊ असला तरी तिथेही टिकत नाही. पांढरी शाई नसते, पांढरं म्हणजे कापडाचाच रंग. स्पॅन्डेक्सही ही शाई नीट घेत नाही, म्हणून गडद कपडा छातीवर खूप ताणला की आतून फिकट पांढरं डोकावतं. हे पूर्ण जात नाही. माप योग्य असेल तर कमी दिसतं.

शिवून झालेल्या कपड्यावर सब्लिमेशन करून घेऊ नका. काखेत आणि शिलाईच्या घडीत शाई पोचत नाही, पांढरे चट्टे राहतात. पॅनल आधी छापून, कापून मग शिवायचे.

उष्णतेने कापड आक्रसतं, आणि साइझ चुकण्याचं हे मोठं कारण आहे. कापडाच्या प्रत्येक लॉटवर ५० सेंमीचा चौकोन आखून प्रेस करायचा आणि थंड झाल्यावर मोजायचा. उभ्यात ४९ भरला तर कापड २ टक्के आटलं. पॅटर्न त्या दिशेला तेवढा वाढवावा लागतो. आडवं आणि उभं वेगवेगळं आटतं, म्हणून दोन्ही मोजायचं.

रंग स्क्रीनवर पाहून मंजूर करू नका. काळा तर नक्कीच नाही: एका कापडावर तो तपकिरी झाक मारतो, दुसऱ्यावर हिरवी. ज्या कापडावर माल निघणार त्याच कापडावर छापलेला तुकडा मागा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. लोगो व्हेक्टर फाइलमध्ये (मोठा केला तरी न फाटणाऱ्या) द्या.

शॉर्ट्स

चारही बाजूंना ताणणारं मायक्रोफायबर पॉलिएस्टर उत्तम. साधं विणलेलं कापड घेतलंत तर निदान आसनाला ताणणारा पॅनल हवाच. चार टिपा जिथे एका बिंदूवर भेटतात तिथे शॉर्ट्स हमखास उसवते. तिथे चौकोनी कळी (वेगळा जोडलेला तुकडा) घातली की तो बिंदूच उरत नाही आणि पाय उघडायला जागा मिळते. कळीच्या टोकांना आणि बाजूच्या चिरेच्या माथ्यावर बारटॅक (आखूड, दाट टाके). माया (टिपेबाहेरचं कापड) कमी ठेवून कापड वाचवणारा इथेच पकडला जातो.

नेफ्यात आतून नाडी, वर वेल्क्रो. नाडीच्या भोकांना धातूची रिंग नको, शिवलेलं काज हवं. वेल्क्रोची मऊ पट्टी काट्यांच्या पट्टीपेक्षा थोडी रुंद आणि लांब ठेवायची, कोपरे गोल कापायचे. उघडा राहिलेला काटा समोरच्याच्या रॅशगार्डचे धागे ओढतो, आणि तो बहुधा तुमचाच ग्राहक असतो.

रंगीत पॉलिएस्टरवर स्क्रीन प्रिंटने पांढरा लोगो हवा असेल तर सावध. लाल कापडावरचा पांढरा लोगो छापला त्या दिवशी शुभ्र असतो, काही दिवसांत गुलाबी होतो: उष्णतेने कापडातला रंग शाईत चढतो. खाली रंग अडवणारा थर आणि कमी तापमानाला पक्की होणारी शाई, दोन्ही सांगून घ्या.

सॅम्पल

पहिला सॅम्पल बिनछपाईचा, एम साइझचा. तो पाच वेळा धुवा आणि दोन आठवडे खऱ्या सरावात वापरा. पूर्ण उठबैस, उंच किक आणि पाठीवर झोपून गुडघे छातीशी आणणं, हे तिन्ही करताना नेफा खाली सरकतो का आणि रॅशगार्ड वर चढतो का ते पाहा. चढत असेल तर लांबी वाढवा किंवा खालच्या कडेला आतून सिलिकॉनची पट्टी घ्या. मग बाकी साइझचं ग्रेडिंग (एम वरून लहान-मोठे पॅटर्न काढणं), प्रत्येक साइझचा एक नग, आणि शेवटी छपाई-लेबलसकट उत्पादनपूर्व सॅम्पल. त्यावर तुमची सही झाली की बदल नाहीत. ‘फक्त लोगो जरा वर’ हासुद्धा बदलच.

किती नग

सब्लिमेशनला सगळं कापड पांढरंच लागतं, त्यामुळे चार डिझाइन एकाच कापडातून निघतात. रंगवलेल्या कापडाला मिल प्रत्येक रंगासाठी वेगळं किमान प्रमाण मागते. थोडक्या भांडवलात रंगांची हौस भागवायची तर सब्लिमेशनच. प्रौढांसाठी १०० नगांची सुरुवातीची विभागणी एस १५, एम ३५, एल ३०, एक्सएल २० अशी ठेवा. अकादमीची यादी हातात असेल तर अर्थात तीच खरी.

कटिंगआधी आम्ही कापड २४ तास गुंडाळी सोडून मोकळं ठेवतो. घाई म्हणून हा दिवस वगळा असं सांगू नका. ताणलेलं कापड कापल्यानंतर आखडतं.

लेबल आणि तपासणी

मानेला विणलेलं लेबल टोचतं, तिथे हीट ट्रान्सफर (उष्णतेने कापडावर उमटवलेलं लेबल). धाग्याचं प्रमाण, उत्पादनाचा देश आणि धुण्याच्या सूचना, जिथे विकणार तिथल्या नियमाप्रमाणे. नावाची ट्रेडमार्क नोंदणी कपड्यांसाठी वर्ग २५ मध्ये होते, ग्लोव्ह्जसाठी वर्ग २८ मध्ये. लेबल छापण्याआधी शोध घ्या. दुसऱ्या कोणाचा लोगो आम्ही छापत नाही.

रंगाचा पक्केपणा घामासाठी आयएसओ १०५-ई०४ आणि घासण्यासाठी १०५-एक्स१२ प्रमाणे तपासून घेता येतो. ५ पैकी ४ किंवा वरची श्रेणी मागा. धुण्याच्या सूचनेत ३० अंश, वेल्क्रो लावून, कपडा उलटा करून, सॉफ्टनर आणि ड्रायर नको, एवढं असू द्या. सॉफ्टनरचा थर बसला की कापड घाम शोषून पसरवेनासं होतं आणि तक्रार कापडाच्या नावाने येते.

सही केलेला सॅम्पल आणि छापलेल्या पॅनलचा तुकडा अंधारात जपून ठेवा. पुढच्या ऑर्डरला कापडाची लॉट वेगळी असेल आणि रंग जुळवायला तोच तुकडा लागेल.