कोकणातून रणजीकडे: निवड चाचणीआधी कोणते कागद हातात हवेत

भात कापून शेतं मोकळी झाली की गुहागरपासून मालवणपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात आणि त्यात एखादा मुलगा सगळ्यांच्या नजरेत भरतो. त्याला व्यावसायिक क्रिकेट खेळवायचं तर लेदर बॉलचा सराव हवाच, पण घरातले कागदही एकमेकांशी जुळायला हवेत. कागदांकडे लक्ष जातं ते चाचणी तोंडावर आल्यावर, आणि दुरुस्तीला तेवढा वेळ कधीच पुरत नाही.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचं क्रिकेट महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतं. मुंबईची संघटना वेगळी. बीसीसीआयकडे खेळाडूने स्वतः अर्ज करायचा नसतो. जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीचा फॉर्म भरायचा, जिल्ह्याकडून खेळायचं, तिथून राज्याच्या चाचण्या आणि शिबिर. राज्यासाठी निवड झाली की नोंदणी राज्य संघटना करते. सावंतवाडीचा निखिल नाईक महाराष्ट्राकडून खेळतच आयपीएलपर्यंत पोचला.

बीसीसीआयच्या स्पर्धांत मुलांसाठी १६, १९ आणि २३ वर्षांखालील गट आहेत, मुलींसाठी १५, १९ आणि २३. त्यावर खुला गट. वय १ सप्टेंबर या तारखेला धरतात.

सगळ्यात महत्त्वाचा कागद जन्मदाखला. आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं, नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते, आणि शाळेत नाव घालताना तारीख वेगळीच लागलेली असते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२० मध्ये बीसीसीआयने जाहीर केलेल्या नियमांनुसार जन्मानंतर दोन वर्षांहून उशिरा नोंद झाली असेल, तर १९ वर्षांखालील गटात किती वर्षं खेळता येईल यावर मर्यादा येते. म्हणून मुलगा दहा-बारा वर्षांचा असतानाच डिजिटल दाखला काढा आणि आधार, शाळेचा दाखला, गुणपत्रिका यांच्याशी ताडून पाहा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तारीख, सगळं अक्षर न् अक्षर. फरक दिसला तर आधी तो दुरुस्त करून घ्या.

लहान गटात कागदांवर भागत नाही. १६ वर्षांखालील मुलांची आणि १५ वर्षांखालील मुलींची हाडांच्या वयाची तपासणी होते. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. खोटा दाखला दिल्याचं सिद्ध झालं तर दोन वर्षांची बंदी. 'एक वर्ष कमी लावू, कोणाला कळतंय' असं सांगणाऱ्याचं कृपा करून ऐकू नका. भोगावं मुलाला लागतं.

दुसरा पेच रहिवासाचा. वडील विरारला, आजी-आजोबा देवरुखला, रेशनकार्ड एकीकडे आणि शाळा दुसरीकडे, अशी घरं कोकणात गावोगाव आहेत. मुलगा जिथे खरोखर राहतो आणि शिकतो, तिथूनच खेळवा. शाळेचं किंवा कॉलेजचं बोनाफाईड, मागच्या वर्षांच्या गुणपत्रिका, आधार आणि पालकांचा पत्त्याचा पुरावा एकाच ठिकाणाकडे बोट दाखवायला हवा. रहिवासाच्या फसवणुकीलाही दोन वर्षांचीच बंदी आहे. पुढे दुसऱ्या राज्याकडून खेळायचं ठरलं तर मूळ संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबईहून महाराष्ट्राकडे आला तो असंच प्रमाणपत्र घेऊन.

पासपोर्ट, पॅनकार्ड आणि मुलाच्या नावाचं बँक खाते वेळेत काढून ठेवा, कारण या खेळात पैसा आहे. २०२१ मध्ये ठरलेल्या दरांनुसार वरिष्ठ पुरुष खेळाडूला, तो किती सामने खेळला आहे ते पाहून, दिवसाला ४०,००० ते ६०,००० रुपये मानधन मिळतं. २३ वर्षांखालील गटात २५,००० आणि १९ वर्षांखालील गटात २०,०००. राखीव खेळाडूला निम्मं.

संघात घेतो म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला तर एक रुपयाही देऊ नका, आणि जिल्हा संघटनेला लेखी कळवा. चाचणीच्या तारखाही थेट संघटनेकडूनच विचारा.